कोरडी

सहा हंगाम मी नाशकाकडे टाक्या धुतल्या.
पोलादाच्या, आत माणूस उभा राहील एवढ्या.
आतून माझाच आवाज मला
कुणा साहेबाचा वाटायचा.
तिथे पाहुणे द्राक्षांचं पांढरं पाणी जिभेवर धरून
खिडकीबाहेर बघत,
मग म्हणत : ड्राय.
तो शब्द मी डब्यात भाकरीखाली घातला
आणि देवरीच्या एसटीत बसलो.

सोबत दोन डझन रिकाम्या बाटल्या
आणि गोडी मोजायची काचेची एक नळी.
नळी साकोलीच्या गतिरोधकावर फुटली.

"ड्राय म्हंजे का रे?" सुकवारो मोठीमायनं विचारलं.
"कोरडी."
"ओली वस्तू कोरडी कशी राहीन?
तिकडं तुले पगार देत होते का नाही?"

तिच्या सासूच्या सासूपासून आमच्या घरचा मोह
आगीवरून जातो.
मडक्यावर मडकं, सांध्याला चिखल,
पहिला थेंब पडेस्तोवर कुणी बोलायचं नाही.
मी म्हणालो, यंदा एक माठ मला दे.
आगीवर नको. थंडच राहू दे, नुसती गाळून.
"कच्ची ठेवतो म्हन ना," ती म्हणाली,
पण माठ दिला. कानाशी तडकलेला.

चैतात पहाटे चारला निघायचो,
अस्वलाच्या अगोदर.
फुलं इतकी गोड
की बोटं एकमेकांना सोडेनात,
टोपलीचा बांबू चिकट,
डोळ्यांत गेलेला केसही चिकट.

माठ मी माझ्या खाटेखाली ठेवला.
रात्री कान लावला तर
लांबच्या लग्नातल्या पंगतीसारखा आवाज,
पुष्कळ जण, खाली माना घालून, जेवताहेत.
एकोणीस दिवस.
विसाव्या रात्री उठले सगळे.

तिच्या जुन्या लुगड्याच्या पाच पदरांतून गाळली.
पेजेवरच्या निवळीसारखी,
फक्त तिला तणशीची थोडी झाक.
पळसाच्या द्रोणात तोंडाशी आणली तेव्हा
नाकाला अजून तेच झाड, तेच फूल;
आणि जिभेवर काही नाही.
म्हणजे आहे, पण गोड नाही.
कच्चं टेंभरू चावल्यासारखी
गालांची आतली कातडी गोळा झाली.

"झाली का?" ती म्हणाली.
नळी फुटलीय, मी म्हणालो, कसं कळणार.
ती उठली.
चुलीमागून मुंग्यांची रांग चालली होती,
तिच्या वाटेत तिनं एक थेंब ठेवला.
"हे घे तुही नळी."

पहिली आली, मिशा लावल्या, थांबली.
दुसरीही.
मग अख्खी रांग थेंबाला वळसा घालून
कोंड्याच्या दिशेनं निघून गेली.

मोठीमाय बराच वेळ बघत राहिली.
"गोड कोनं खाल्लं रे?"
मी सांगितलं, खमीर. जिवंत असतं, दिसत नाही.
खातं, खातं, मरतं, तळाशी बसतं.
तिनं माठ कलता करून तळ पाहिला,
करडा गाळ, बोटभर.
"म्हंजे अगोदरच जेवून गेले," ती म्हणाली.

तरी कोपऱ्यात पेनाच्या जागेवर
तिनं द्रोणातली थोडी ओतलीच.
मी हसलो. त्यांचं तर झालं म्हणतेस ना जेवण?
"झालं. हात धुवाले नोको का?"

थेंबापाशी एक मुंगी मात्र राहिली होती.
पुढचे पाय बुडवून, हलत नव्हती.
"तुहा मोठाबा असन," ती म्हणाली,
"थेंबाले पाठ दाखवनं
त्याले जमलंच नाही कधी."

दुपारी बाटल्या भरल्या.
नाशकाच्या चिठ्ठ्या कोमट पाण्यात अर्ध्याच सुटल्या,
काचेवर कुठे सोनेरी रेघ, कुठे द्राक्षांचा घड.
मी नखानं खरवडत होतो.
"हे का होय?"
द्राक्षं, मी म्हणालो. तिकडची.
"असू दे," तिनं बूच दाबलं,
"पंगतीतून कोनाले उठवू नोको."